दुपारचा जाळ

आईनं बाटलीचं बूच काढलं, बाटली नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"कुनासाठी आनलीस?"

"कुणासाठी नाही. स्टोव्हसाठी."

"आपल्याकडं गॅस हाय."

"घरातल्यासाठी नाही गं आई. शिबिराला न्यायचाय. छोटा स्टोव्ह. मीच तयार करणार आहे."

"दारूवर चालनारा?"

"दारू नाही ती. स्पिरिट आहे. फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात. पेंटच्या दुकानात कुणालाही मिळतं."

"वास त्योच हाय," आई म्हणाली आणि तिनं बूच असं काही दाबून बसवलं, की नंतर ते उघडताना माझ्या अंगठ्याची साल निघाली.

खरं तर दुसऱ्या कुठल्याही वेळी मी तिच्याशी कडाकडा भांडले असते. पण त्या चैत्रात आमच्या घरात बाटली हा शब्दसुद्धा जपून उच्चारायचा, अशी परिस्थिती होती. गावात मतदान आलं होतं, आणि ते बाटलीचंच होतं. सोनदऱ्याच्या स्टँडवरचं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, हे गावातल्या बायकांनी ठरवायचं होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. दुकान हवं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, नको असेल तर आडव्या. ऐकायला सोपं वाटतं. मेख अशी, की मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई घरात बसून राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं. आणि आमच्या गावच्या बायका अशा बाबतीत घरात बसण्यात पटाईत होत्या.

हे सगळं माझ्या आईनं अंगावर घेतलं होतं. कलावती तिचं नाव. ब्लाउज शिवायची. अर्जावर सह्या-अंगठे गोळा करण्यापासून तहसील कचेरीत खेटे घालण्यापर्यंत सगळं तिनं केलं. ब्लाउज शिवायला आलेल्या प्रत्येकीला ती माप घेता घेता पकडायची. टेप छातीभोवती असल्यावर बाई पळून जाणार कुठं? "येनार न्हवं मतदानाला?" असं विचारलं की बाई म्हणायची, "व्हय व्हय, येनार की कलाआक्का." टेप सुटला की बाईही सुटायची. एखादी मात्र फटकळपणे म्हणायची, "तुमचं काय जातंय आक्का? तुमचं मालक काविळीनं गेलं. आमच्या घरात काय चालतंय, त्ये आमचं आमाला ठावं." आई मान खाली घालून खडूनं कापडावर रेघ ओढायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोकणात चिरेखाणीवर कामाला होते. मी अंगणवाडीच्या वयाची असताना ते गेले आणि आई मला घेऊन माहेरी, सोनदऱ्याला आली. मला अण्णांची शीळ तेवढी आठवत होती. बाकी काविळीनं गेले, हे जसं गावाला माहीत होतं तसंच मलाही.

तर असा घरात एकीकडं बाटलीचा यज्ञ चाललेला आणि दुसरीकडं माझा स्टोव्ह.

कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळातून हिमालयात जाणारी तुकडी निवडायची होती. त्यासाठी सह्याद्रीतून काही दिवसांची चाल ठेवली होती आणि अट अशी, की ज्यानं त्यानं आपलं सामान पाठीवर घ्यायचं आणि आपलं जेवण आपल्या चुलीवर करायचं. मंडळाचा पितळी स्टोव्ह उचलायचा तर त्याच्यासाठी वेगळा माणूस लागला असता. तेव्हा आमच्यातल्या एका सीनियर मुलीनं आपली चूल दाखवली. शीतपेयाच्या दोन डब्यांचे तळ कापायचे, दाभणानं कडेला बारीक भोकं पाडायची, एक तळ दुसऱ्यात बसवायचा, आत स्पिरिट ओतायचं. झाली चूल. तळहातावर मावणारी, वजन नसल्यासारखीच. "काही नाही गं, चहा उकळेस्तोवर तयार होते," ती म्हणाली होती. ती मुलगी त्या आठवड्यात मला पुन्हा भेटली असती, तर तिचं काही खरं नव्हतं.

डबे मला फुकट मिळाले. आमच्या वरच्या पठारावर सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन लोक येतात, बसतात, पितात आणि तिथंच टाकून जातात. शीतपेयाचे थोडे आणि बिअरचे ढीगभर. मी पोतं घेऊन गेले आणि भरून आणलं. पत्रा तो पत्रा, त्याच्यावर काय लिहिलंय याच्याशी मला काय करायचं होतं?

पहिला डबा मी आईच्या कात्रीनं कापला.

ही कात्री म्हणजे आमच्या घरातलं दैवत. काळ्या मुठीची, जड. तिनं कापडाशिवाय काही कापायचं नाही, कागदसुद्धा नाही, असा नियम. पण भाजीच्या सुरीनं पत्रा फाटत होता, आणि आई तेव्हा कुणाच्या तरी दारात मतदानाचं सांगायला गेली होती. कात्री छान चालली. चार-पाच डबे होईपर्यंत चालली. मग तीही चावायला लागली.

आई आली, मशीनवर बसली, कुणाच्या तरी खणाला कात्री लावली आणि थांबली. तिनं धार अंगठ्यावर फिरवून बघितली.

"रेशमे."

मी कापलेले तळ पायानं मशीनखाली सरकवले.

"कार्टे, माझं पोट हाय ह्ये. पोटावर दगूड घातलास."

"धार लावून आणते ना तालुक्याला गेल्यावर."

"अन् तवर? दातानं फाडू कापडं?" कात्री तिनं मशीनवर आपटली. "आनि ह्यो कचरा घरात न्हाई पायजेल. गोठ्यात जा काय करायचं त्ये कर. दारात तर अजिबात न्हाई. बिअरचं डबं हाईत त्ये! कुनी बगितलं तर मी काय सांगू?"

म्हणून माझी प्रयोगशाळा गोठ्यात गेली. आमची म्हैस कधीच विकली होती, गोठ्यात आता सरपण आणि अंधार तेवढा शिल्लक होता. तिथं बसून मी किती तळ कापले, किती चेपले, किती भिरकावले याचा हिशेब नाही. एक तळ दुसऱ्यात सरकायलाच तयार नसायचा. जोर केला की कड चिरायची, आणि कड चिरली की बोटही चिरायचं. भोकं मोठी पडली की जाळ भसकन यायचा, लहान पडली की यायचाच नाही. एकदा सांध्यातून स्पिरिट गळून खालचा पालापाचोळा पेटला आणि मी चपलेनं मारून विझवला. वर हे सगळं गुपचूप. वैताग नुसता.

शेजारची बायडाआक्का एकदा सरपण मागायला म्हणून डोकावली. म्हातारी बाई, आईच्या बाजूची जी दोन-चार माणसं गावात होती त्यांतली एक.

"काय गं करतीस?"

"चूल."

तिनं तो तळ हातात घेऊन उलटासुलटा केला. "येवढीशी? हिच्यावर काय बाहुलीचा भात शिजवनार?"

"आक्का, हसू नका हं. मी आधीच वैतागलेय."

"हसतीया कुटं? आमची यवडी मोटी चूल, तिच्यावर बी काय शिजतंय रोज? नवऱ्यानं हाताला लागंल त्ये दुकानात घातलं की चूल मोटी काय अन् बारकी काय." एवढं बोलून सरपण घेऊन ती गेली. असं ती माझ्यापाशी बोलायची. चारचौघांत मात्र तोंडाला कुलूप.

शेवटी एक चूल जरा बरी जमली. अंधारात काडी लावली, निळा जाळ वर आला, डोलला, आणि मी आनंदानं ओरडणार होते. लगेच वर चहाचं पातेलं ठेवलं. जाळ पातेल्याखाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा पातेलं, पुन्हा विझला. मी ते पातेलं भिंतीवर भिरकावलं.

त्याच वेळी दारात सुमनकाकी उभी होती.

सुमनकाकी म्हणजे दारूच्या दुकानवाल्या जयसिंगतात्यांची भावजय. ब्लाउज न्यायला आली होती, आवाज ऐकून मागं आली. तिनं बघितलं ते असं: कलाआक्काची तरणी पोरगी अंधारात बसलेली, हातात बिअरचा अर्धा डबा, शेजारी बाटली, गोठ्यात वास घुमतोय आणि पातेलं गडगडत तिच्या पायाशी आलंय.

"बरं चाललंय की," ती म्हणाली.

"काकी, हा स्टोव्ह आहे."

"व्हय व्हय, दिसतंय की." आणि ब्लाउज न घेताच ती गेली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं एकच विषय. आईची बाटली आडवी आन् लेकीची उभी. कुणी म्हणे पोरगी कॉलेजात शिकली प्यायला. कुणी म्हणे आईला माहीत आहे, वरून साळसूदपणा. ज्या बायका टेप सुटेपर्यंत तरी हो म्हणायच्या, त्या आता माप द्यायलाही येईनात.

आई दिवसभर मशीन चालवत बसली. संध्याकाळी मीच तोंड उघडलं.

"मी काय चूक केलंय? सांग ना."

"चूक न्हाई केलीस."

"मग माझ्यावर का चिडतेस?"

"तुझ्यावर न्हाई चिडली. पर जे न्हाई त्ये समद्यांना दिसतंय, आन् जे हाय त्ये कुनाला दिसत न्हाई. काय करू मी?"

"तू जाऊन सांग त्यांना. स्पष्ट सांग."

"सांगून कोन ऐकतंय?" ती म्हणाली. "घरोघर जाऊन घसा बसला. समद्या आपापलं झाकून बसल्यात. आपलं कोन उघडं करतंय?" ती ब्लाउजची बाही उगाच मनगटाकडं ओढत राहिली. ही तिची जुनीच सवय. आई कायम लांब बाह्यांचे, कोपराच्या खाली येणारे ब्लाउज घालायची, उन्हाळ्यात घामाच्या धारा लागल्या तरी. तिच्या दंडाला भाजल्याचा डाग होता. उकळतं दूध सांडलं, मी लहान असताना, असं ती सांगायची. मला वाटायचं, एका डागापायी एवढं काय घामाघूम व्हायचं? पण तिच्या शिवणात मी कधी बोट घातलं नाही, खोदून विचारलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेवटची बैठक भैरोबाच्या देवळापुढं होती. शेतातल्या बायका भाकरीच्या वेळेला मोकळ्या होतात, म्हणून भर दुपारीच ठेवली. पिंपळाची सावली पारापुरती, बाकी सगळं आवार उन्हानं पांढरं पडलेलं. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. पण आल्या. तमाशा बघायला माणूस कामं टाकून येतो.

आईनं बोलायला सुरुवात केली न केली, तोच सुमनकाकी उठली. तिच्यासोबतच्या बाईच्या हातात पोतं होतं. माझं पोतं. आमच्या घरामागच्या परड्यातून उचललेलं. काकीनं ते आवारात उलटं केलं. डबे खडखडत चहूकडं गेले, काही अख्खे, काही तळ कापलेले.

"ह्ये घ्या," सुमनकाकी म्हणाली. "दारूबंदीवाल्यांच्या परड्यात सापडलं. आमच्या दुकानाला शिव्या देता, आन् ह्ये काय दूध पिऊन टाकल्यालं डबं हाईत?"

बायका हसल्या. सगळ्या नाही, पण पुरेशा. एक म्हातारी "शिव शिव" म्हणाली. मी उठून ओरडले, "पठारावरून वेचून आणलेत मी ते! स्टोव्ह करायला!" त्यावर आणखी हसू. स्टोव्ह म्हणे! मला सगळ्यांचा इतका राग आला, सुमनकाकीचा, हसणाऱ्यांचा, आणि मधोमध गप्प उभ्या असलेल्या आईचा तर सगळ्यात जास्त.

आई माझ्याकडं वळली.

"जा, तुझी चूल आन."

"काय?"

"चूल आन. पातेलं, पानी, चहापत्ती बी आन. आनि बाटली."

मी तिच्या जवळ गेले आणि दात आवळून म्हणाले, "आई, ती चालत नाही. एकदाही धड चाललेली नाही. आणखी हसं होईल."

"व्हायचं त्ये हुंदे. आता काय ऱ्हायलंय?"

मी घरी गेले ती तणतणतच. वाटेत मनात म्हटलं, गेलं सगळं. उद्या ही एकही बाई घराबाहेर पडत नाही. दुकान राहणार, आई गावात तोंड दाखवू शकणार नाही, आणि हे सगळं एका पत्र्याच्या तळापायी. चूल घेतली, सामान घेतलं आणि परत आले.

आवाराच्या मधोमध तीन दगड मांडले. त्यांच्यामध्ये चूल ठेवली. स्पिरिट ओतलं तेव्हा वास सुटला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. काडी ओढली. चुलीच्या तोंडाला नेली.

काही झालं नाही.

म्हणजे मला काही दिसलं नाही. आत नुसतं स्पिरिट, वर नुसतं ऊन. दुसरी काडी लावली. तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "उद्या सकाळी ये म्हनावं चहाला." पुन्हा हशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोठ्यात निदान पेटत तरी होती! मला वाटलं स्पिरिट कमी पडलं. मी बाटलीचं बूच काढलं आणि वरून ओतायला बाटली तिरकी केली.

आईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी फुटली.

"थांब. पेटलीया ती."

"कुठं पेटलीय? काही दिसत नाही!"

"दिसत न्हाई. पेटलीया."

तिनं बाटली माझ्या हातातून काढून लांब ठेवली. मग पिंपळाचं एक वाळकं पान उचललं आणि चुलीवर धरलं. पान क्षणभर तसंच राहिलं आणि मग भुर्रकन पेटलं. आवारातलं हसू थांबलं.

मी पातेलं उचललं, तर आईनं त्यालाही हात आडवा केला. "दम धर जरा," ती म्हणाली. मला वाटलं माझ्याशी बोलतेय. पण ती बायकांकडं वळली होती.

"तुमी मला इचारता न्हवं, दंडाला काय झालं?" तिचा आवाज सभेतला नव्हता, घरातला होता. "मी सांगायची, दूध सांडलं. दूध न्हवतं त्ये."

तिनं बाही वर करायला घेतली. पण ती बाही तिनंच शिवलेली, अंगासरशी घट्ट. कोपराच्या वर जाईना. तिनं ओढली, पुन्हा ओढली, शिवण करकरली. डागाची खालची कड तेवढी दिसली. तिनं वैतागून नाद सोडला.

"खानीवर मानसं पैल्या धारेची आनायची. खरी हाय का पान्याची, त्ये बगायला बशीत वतून काडी लावायची. निळा जाळ आला तर खरी. येकदा आमच्या ह्यांनी भर दुपारी अंगनात काडी लावली. जाळ दिसंना. म्हनालं, फसिवलं. आन् बाटली घिऊन वरनं वतली. मी बशी उचलाया वाकल्याली. ही माजी पोर कडंवर हुती. ह्या बाजूला."

तिनं डावीकडं हात लावला. डाग उजव्या दंडावर होता.

मनगटावर फुटलेल्या बांगडीचा ओरखडा झोंबत होता.

"आन् कावीळ?" सुमनकाकीनं विचारलं. तिचा आवाज आता बराच खाली आला होता.

"कावीळच झाली. पिऊन पिऊन झाली. पर माहेरी यून कसं सांगू? आईबापानं बगून दिल्याला नवरा. म्हनून मी झाकलं. तुमाला दारोदार सांगत फिरली, आन् सोताचं झाकून ठिवलं. मग तुमी तरी माजं कशाला ऐकावं?"

पाराच्या कडेला बायडाआक्का बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "माजं टाळकं फुटल्यालं," ती म्हणाली, "त्ये बी न्हानीत पडून न्हवतं."

मग आणखी एक बाई बोलली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी चुलीतून बारीक सूं असा आवाज यायला लागला. स्पिरिट आत उकळत होतं. दाभणानं पाडलेल्या प्रत्येक भोकातून वाफ येऊन पेटली होती. जाळ अजूनही दिसत नव्हता, पण चुलीवरची हवा थरथरताना दिसत होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चूल आधी चांगली तापू द्यायची असते. मग पातेलं ठेवायचं. मी कधी तेवढा वेळ थांबलेच नव्हते. पेटली रे पेटली, की घाल वर पातेलं!

मी पातेलं तीन दगडांवर टेकवलं. चूल विझली नाही. बायका आपसांत बोलत होत्या, कुणी रडत होती, आणि मी खुळ्यासारखी पाण्याकडं बघत बसले होते. तळाशी बुडबुडे आले, मग पाणी खळखळलं. मी पत्ती टाकली. आईनं पेला भरला आणि सुमनकाकीपुढं धरला.

काकीनं तो घेतला नाही. पण ती गेलीही नाही. ती खाली बसली आणि विखुरलेले डबे एकेक करून पोत्यात भरायला लागली. तिचा नवरा, दुकानवाल्याचा धाकटा भाऊ, दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेला असायचा, हे गावातल्या प्रत्येकीला माहीत होतं. बोललं कुणीच नव्हतं. चहा शेवटी बायडाआक्कानं घेतला आणि "दूध न्हाई व्हय गं ह्यात?" म्हणून नाक मुरडलं.

सोनदऱ्याचं दुकान बंद झालं. थोडक्यात झालं, पण झालं. माझी चूल शिबिराला गेली आणि पहिल्याच चढावर सॅक टेकवताना चेपली. पुढचे सगळे दिवस मी दुसऱ्यांच्या चुलीवर भात शिजवून घेतला आणि तुकडीत माझी निवड झाली नाही. त्याचा राग मला बरीच वर्षं पुरला. आता मी स्वतःच मुलामुलींना डोंगरात नेते. दिवसाउजेडी चूल पेटवायची असली, की आधी तिच्यावर वाळकं पान धरायला लावते. ती कंटाळतात, कुरकुरतात. मी ऐकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती मतदानाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. आई मशीनवर बसली होती. मांडीवर उद्या घालायचा तिचा हिरवा ब्लाउज होता आणि हातात ती काळ्या मुठीची कात्री. दंडाच्या वर खडूची रेघ मारून ती बाही कापत होती. कात्री कापड चावत होती, सोडत होती, पुन्हा चावत होती. कड सगळी कुरतडल्यासारखी झाली.

"बगितलंस?" ती म्हणाली. "लोनी बी कापायची न्हाई ह्या कात्रीनं. वाटूळं केलंस तिचं."

"दे इकडं, कड दुमडून टीप मारून देते."

"ऱ्हाऊ दे. तू काय टीप मारनार, तुला गुंडी लावता येत न्हाई."

तिनं दुसरी बाही घेतली. तीही तशीच कुरतडत कापली आणि दोन्ही तुकडे चिंध्यांच्या पिशवीत टाकले. सकाळी शाळेच्या दाराला लागलेल्या रांगेत ती सगळ्यात पुढं उभी होती, उन्हात, दंड उघडा टाकून, आणि बाहीचे दोरे लोंबत होते.